खणणाऱ्यांचे पैसे

आजी,

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तुझ्या नातीने, मीराने, तिची अर्धी कोरी राहिलेली वही दिली आहे, तिच्यात लिहिते आहे. चुका असतील त्या पोटात घाल. एवढं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं, कारण तुला मराठी वाचता येतच नव्हतं, तू चुका काढणार कशा? तरी माफी मागते. कागद समोर आला की मला मोठ्या माणसासमोर बसल्यासारखं होतं.

काल तुझं नववं झालं. तुमच्यात नववं करतात, आमच्यात दहावं. तुझी लेक लेस्यावहिनी नवव्यावर ठाम राहिली. वाडीतल्या बायका म्हणाल्या, "कर गो नववं, दहाव्याला आम्ही आमच्या घरून कावळ्याला घास ठेवू. कावळ्याला कुठे भाषा लागते?" म्हणून काल नववं झालं आणि आज सकाळी कावळ्याला घासही ठेवून झाला. काल जे घडलं ते तुला सांगायचं आहे, पण ते एकदम सांगितलं तर मला रडू येईल आणि राहून जाईल. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तू गेलीस तेव्हा तुझे दोन हजार आठशे रुपये माझ्याकडे राहिले होते. दुसऱ्या कोणाचे असते तर मी एवढी घाबरले नसते. तुझे ते पैसे कशाचे होते ते मला माहीत होतं.

तू आलीस तो दिवस मला आठवतो. मी दिनेशभाऊंच्या घरी सकाळची धुणीभांडी करायची आणि तिथून काजूच्या फॅक्टरीत जायची. दिनेशभाऊ बोटीवर. तुमच्या बंदरात त्यांना लेस्यावहिनी भेटली आणि लग्न करून त्यांनी तिला पूर्णगडच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आणली, हे सगळ्यांना जुनं झालं होतं. तुमच्याकडे लढाई सुरू झाली आणि भाऊ तुला घेऊन आले. गाडीतून उतरलीस तेव्हा तुझ्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं, हातात एकच पिशवी होती. बायका दगडी गडग्यापलीकडून बघत होत्या. तू कोणाकडे बघितलं नाहीस. घरासमोरच्या खळ्याच्या कडेला गेलीस, खाली वाकून चिमूटभर माती उचललीस आणि तोंडात घातलीस. मग थुंकलीस. मीराला काहीतरी विचारलंस. मीरा तेव्हा नऊ वर्षांची होती, तुला तुमच्या भाषेत बाबुस्या, म्हणजे आजी, म्हणायची. ती हसत आम्हाला म्हणाली, "बाबुस्या विचारते, ही माती आहे की वीट?"

आमच्या वाडीतले तात्या चिरेखाणीवर आयुष्यभर जांभ्याचे चिरे काढलेले. ते म्हणाले, "सांग तिला, दोन्ही हाय. वर माती, खाली वीट."

त्या विटेत तू बीट पिकवलंस. बी तू फडक्याच्या गाठीत बांधून आणलं होतंस. शेण, पालापाचोळा, राख सगळं घातलंस. पूर्णगडच्या जेटीवरून माशांची डोकी बादलीत घालून एसटीने आणायचीस आणि कंडक्टर ओरडला की त्याला बोरं द्यायचीस. पहिल्या साली बीट लिंबाएवढं आलं. दुसऱ्या साली मुठीएवढं. तू त्याचं लाल सार केलंस, आमसूल घालून, आणि वाडीत घरोघर पातेलं घेऊन फिरलीस. तात्या म्हणाले, "काय आजे, रक्त पाजतेस काय?" तू त्यांच्या हातात वाटी दिलीस आणि म्हणालीस, "मेल्या, खा."

तुला मराठी असं मोजकंच यायचं. ये, बस, खा, नको, दाखव, आणि मेल्या. मेल्या तू गाईलाही म्हणायचीस आणि सरपंचांनाही. तू सगळ्यांना अरेतुरे करायचीस आणि कोणाला राग यायचा नाही. मी मात्र वर्षभर तुला अहोजाहो केलं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. हळदीकुंकवाला गेले तरी मी दाराजवळ बसते. तू मला हाताला धरून मध्ये बसवायचीस. "सुला, बस." मी सुलभा, घरची सुलू, तुझी सुला झाले.

मीरासाठी तू काय करायचीस ते मी रोज बघत होते. सकाळी शाळेची गाडी वरच्या रस्त्याला यायची. तू तिच्याबरोबर घाटी चढायचीस आणि गाडी गेली तरी तिथेच दगडावर बसून असायचीस. मी एकदा विचारलं, गाडी गेली ना, मग का बसता? तू खुणेने सांगितलंस की गाडी वळणाआड जाईपर्यंत बघते. वळण तर तिथून दिसतच नाही, मधे आंब्याची बाग आहे. तुला आवाज पुरायचा. मीराला ताप आला तेव्हा सहा दिवस तू जमिनीवर तिच्या खाटेला पाठ लावून बसलीस. जेवण मी आणून द्यायचे, ते तू बसल्या जागी खायचीस. आम्हीही पोरांसाठी जागतो, पण तुझ्यासारखं न हलता बसलेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

आता त्या गाठोड्याचं लिहिते.

पहिला पावसाळा सरला, दसऱ्याच्या आधी कडक ऊन पडलं. आपल्याकडे पावसात सगळ्याला बुरशी येते, म्हणून ऊन आलं की आम्ही कपाटं रिकामी करून खळ्यात वाळवतो. वहिनी रत्नागिरीला गेली होती, तू मळ्यात होतीस. मी तुझं कपाटही उघडलं. तळाशी पांढऱ्या चादरीत बांधलेलं गाठोडं होतं. सोडलं तर आत सगळं नवं. लाल-काळ्या नक्षीचं पांढरं झम्पर, काळा घागरा, डोक्याचं फडकं, मोजे, कधी न घातलेल्या चपला, भरतकामाचे लांब टॉवेल, दोन जाड मेणबत्त्या. मला वाटलं, लग्नाकार्यासाठी ठेवलेलं असणार. सगळं नीट झटकून सुतळीवर टाकलं. मेणबत्त्या ओलसर लागल्या, त्या पण चिऱ्यावर ठेवल्या.

तू आलीस तेव्हा मेणबत्त्यांचं पाणी होऊन चिऱ्यावरून ओघळत होतं.

तू खुरपं खाली ठेवलंस आणि बघत उभी राहिलीस. मला वाटलं, आता बोलणार. मीरा शाळेतून आली, तिने सुतळीवरचं झम्पर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "सुलूमावशी, हे बाबुस्या मेल्यावर घालायचं आहे."

मी तोंडाला पदर लावला. आमच्यात असलं घरात ठेवत नाहीत, बोलतही नाहीत. मी मरणाचे कपडे दसऱ्याच्या उन्हात नाचवले होते. मी तुझ्या पाया पडले. तू हसायला लागलीस. एवढं हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसण्याचंच होतं की कसलं ते मला कळलं नाही. मग मला खाली बसवलंस आणि एकेक वस्तू हातात घेऊन सांगितलीस, मीरा मराठीत सांगत होती. हे घालायचं, आधी उजवी बाही. फडकं असं बांधायचं, गाठ हनुवटीखाली. हे टॉवेल उचलणाऱ्यांच्या दंडाला. तुमच्या गावात सगळ्या म्हाताऱ्या असं गाठोडं करतात, म्हणजे मेल्यावर कोणाला धावपळ नको.

तळाशी एक रुमाल होता, त्याला तीन गाठी. भाऊंनी तुला पैसे बदलून दिले होते, बारा हजार. एका गाठीत पेटीचे, एकीत जेवणाचे, एकीत खणणाऱ्यांचे. तू तिसरी गाठ माझ्या समोर धरलीस आणि मीराने सांगितलं, "जो खणतो त्याला फुकट खणायला लावायचं नाही. नाहीतर माणूस त्याच्या ऋणात खाली जातो आणि त्याला जड होतं."

मी म्हटलं, "आजी, असलं अभद्र बोलू नका." तू गाठोडं बांधलंस, कपाटात ठेवलंस आणि परत मळ्यात गेलीस, कारण कोबीला पाणी घालायचं होतं. मी पडवीत बसून राहिले. आपलं मरण घडी करून कपाटात ठेवायचं आणि कोबीला पाणी घालायला जायचं. मला देवळात जेवढं वाटतं तेवढं त्या दिवशी तुझ्या पाठीकडे बघून वाटलं.

मेणबत्त्या मी भरून दिल्या. पावस गावातल्या दुकानात जाड मिळाल्या नाहीत, लाइट जाते तेव्हा लावतो त्या बारीक आणल्या, दोन बारीक पुरणार नाहीत म्हणून चार आणल्या. तू त्या बघितल्यास, नाकाला लावल्यास आणि म्हणालीस, "सुला, मी छोटी?" आणि परत हसलीस.

त्यानंतर महिन्याभराने तू माझे हात बघितलेस. काजूच्या टरफलात तेल असतं. बी फोडताना ते बोटांना लागतं आणि कातडी जाळतं. आम्ही राख चोळतो, खोबरेल लावतो, तरी बोटं काळी पडतात, मग सोलतात, मग परत काळी. फॅक्टरीतल्या सगळ्या जणींची तशीच. मी भांडी घासत होते. तू माझा हात पाण्यातून बाहेर काढलास, उलटा केलास आणि विचारलंस, "कोण?"

मला आधी समजलं नाही. तुला वाटलं होतं हे कोणीतरी मला केलं आहे. मी म्हटलं, "कोणी नाही. काम." तू परत विचारलंस, "कोण?" त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. अकरा वर्षं मी ते काम करत होते आणि कोणी मला तसं विचारलं नव्हतं.

चार दिवस तू मीराला घेऊन माझ्या मागे होतीस. दुसरं काय येतं? मी सांगितलं, माहेरी काकूच्या मशीनवर शिवायला शिकले होते. मशीन कितीला? मोटर लावलेलं बारा हजाराला असेल, मी सहज म्हटलं. खरंच सहज म्हटलं, आजी, देवाची शप्पत.

दुसऱ्या दिवशी तू रुमाल घेऊन बसलीस आणि तिन्ही गाठी सोडल्यास.

मी उठून पळाले. दोन दिवस आलेच नाही. मुंबईला नवऱ्याला फोन केला. तो तिकडे वॉचमन आहे, पैसे कधी पाठवतो कधी नाही. तो म्हणाला, "मढ्याचे पैसे घरात आणू नको, सांगून ठेवतो." तिसऱ्या दिवशी तू काठी टेकत माझ्या घरी उतरलीस. मी आत या म्हटलं तर आली नाहीस. उंबऱ्यावरून काही द्यायचं नाही असं तुमच्यात आहे, म्हणून मला हाताला धरून खळ्यात ओढलंस. मीरा म्हणाली, "बाबुस्या म्हणते, खड्डा अजून खणायचा नाहीये. हात आज जळतायत."

मी म्हटलं, "मला दान नको."

मीराने सांगितलं. तू रागावलीस. मराठीत म्हणालीस, "दान नको. परत दे." आणि बोटाने जमीन दाखवलीस. मीरा म्हणाली, "परत द्यायलाच पाहिजेत. ते खणणाऱ्यांचे आहेत, तिचे नाहीत."

तू ते दान म्हणून दिले असतेस तर मी घेतले नसते आणि अजून काजू फोडत असते. हे तुला कसं कळलं? तुला भाषा येत नव्हती, आमच्या चालीरीती येत नव्हत्या, माझी लाज मात्र तुला नेमकी दिसली. त्या दिवसापासून मी तुला अहोजाहो करायचं सोडलं. ज्या बाईने मला स्वतःच्या मरणातून काढून दिलं तिला आईला म्हणावं तसं 'तू'च म्हणावं वाटलं.

मशीन आलं. ब्लाउज, मुलांच्या चड्ड्या, गाऊन, पिको. फॅक्टरी सुटली, तरी हातांची कातडी बरी व्हायला सहा महिने लागले. तू मेण आणि खोबरेल तापवून मलम केलंस ते रोज लावायचीस, मी लाजायचे, तू बोटं सोडायची नाहीस. संध्याकाळी पडवीत तू मला तुमची फुलीची नक्षी शिकवलीस. माझा टाका वाकडा गेला की उसवायचीस, वहिनी म्हणायची, "आई, राहू दे, तिची ती पहिलीच आहे." तू उसवायचीसच.

पैसे मी जमतील तसे आणायचे. पाचशे, कधी दोनशे. दर वेळी तू मला बसवून माझ्यासमोर रुमालात बांधायचीस. आधी पेटीची गाठ भरलीस. मग जेवणाची. मी विचारलं, खणणाऱ्यांची शेवटी का? तू मीराच्या कानात सांगितलंस आणि दोघी हसत सुटलात. मीरा म्हणाली, "म्हणते, खणणारे थांबतील. मी गेल्याशिवाय ते खणतील काय?"

आपलं एकच भांडण झालं आणि ते तसंच राहिलं. तुझ्या गावच्या शेजारणीने फोटो पाठवला होता. तुझ्या घराचं छप्पर गेलेलं, भिंती काळ्या, आणि मागे चेरीची झाडं तशीच पांढरी फुललेली. तू तो फोटो मला चार वेळा दाखवलास. मला वाईट वाटलं म्हणून मी म्हटलं, "आता कशाला तिकडे जातेस? इथेच राहा. इथे तुला काय कमी आहे?" मीराने ते सांगितलं आणि तू फोन उलटा ठेवलास. आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. बस म्हणायचीस, खा म्हणायचीस, सुला म्हणायची नाहीस. मग वहिनीने मला सांगितलं. तिकडे तुझ्या नवऱ्याच्या कबरीशेजारी तुझी जागा आहे. दगडावर त्याच्या नावाशेजारी तुझं नाव कोरलेलं आहे, जन्माचं साल पण आहे, पुढची जागा तेवढी मोकळी आहे. मी काय बोलून बसले होते ते मला तेव्हा समजलं. नवव्या दिवशी तू आपणहून बोललीस आणि मी तो विषय काढला नाही. मला म्हणायचं होतं की तू इथे अडकलीस याचा मला आनंद होतो आणि त्या आनंदाची मला लाज वाटते. ते राहिलं. तुझ्या दुःखातून माझे हात बरे झाले, हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

तू गेलीस त्या सकाळी थंडी होती, वरच्या बागेत मोहोर आला होता. मी ब्लाउजची कापडं घेऊन येत होते. तू मळ्यात गडग्याला टेकून बसली होतीस, मांडीवर उपटलेलं बीट. मी म्हटलं, "काय गो आजी, एवढ्यात दमलीस?" दोनदा म्हटलं.

भाऊ बोटीवर होते, त्यांना यायला चार दिवस लागणार होते. वहिनी जमिनीवर बसली ती उठेना. मी गाठोडं काढलं. आधी उजवी बाही. गाठ हनुवटीखाली. कुठे चुकलं नाही, आजी. तूच शिकवलेलं होतंस. बायका फुलं घेऊन आल्या तेव्हा मीराने मोजून दोन-दोन ठेवायला लावली, मेलेल्या माणसाला जोडीनेच द्यायची म्हणाली. मी पहिल्यांदा तुला सोनचाफ्याची दोन फुलं आणून दिली होती, तेव्हा तू एक काढून माझ्या केसात खोवली होतीस. तू कशाला तसं केलंस ते मला त्या वेळी कळलं.

तात्यांनी सगळं हातात घेतलं. घरामागच्या बागेत, भाऊंच्याच जागेत, खणायचं ठरलं. सरपंचांनी कागद करून दिला, रत्नागिरीहून एक पाद्री आले. तात्या आणि त्यांच्याबरोबर खाणीवरचे तिघे, चौघांनी खणायला घेतलं. हातभर माती, खाली सगळा कातळ. पहार आपटली की ठिणगी उडायची. सकाळी अकराला लागले ते दिवस कलेपर्यंत. तात्यांचं वय सत्तर. मधेच पहार टेकवून म्हणाले, "आजे, तू म्हणत होतीस तेच खरं. ही वीटच हाय." कोणी हसलं नाही, मग सगळे हसले. खड्ड्याच्या कडा त्यांनी चिरा काढावा तशा सरळ तासल्या.

सगळं झाल्यावर वहिनीने स्वतःच्या पर्समधून पैसे काढून तात्यांसमोर धरले. तात्यांनी हात जोडले. "वहिनी, मयताचे पैसे घेत नाय आमच्यात. आम्ही काय मजुरीला आलो?" त्यांच्या मनाला लागलं होतं. वहिनी रडली, किती चांगली माणसं म्हणाली आणि पैसे परत ठेवले.

मी चार हात दूर उभी होते. रुमालाच्या दोन गाठी भरलेल्या होत्या, तिसरी रिकामी, ती माझ्यामुळे रिकामी. तू फुकट खणलेल्या जागेत खाली गेलीस. मला बोलायला हवं होतं. एवढी माणसं होती, पुढे सगळे पुरुष. मी पदर धरून उभी राहिले आणि घरी आले.

मग नववं येईपर्यंत मी मशीनवरून उठले नाही. संक्रांतीच्या वाणाच्या पिशव्यांचं काम आलं होतं, एकशे चाळीस पिशव्या. त्या शिवल्या, आधीचे साठलेले घातले, दोन हजार आठशे झाले. चौघांचे सातशे-सातशे.

काल वहिनीने गहू शिजवून मध घालून केलं, तुमच्यात पहिला घास त्याचा. आमच्या खिरीसारखंच लागलं. तुझं लाल सार पण होतं, आमसूल घालून. भाऊ वाढत होते. तात्या आणि ते तिघे पडवीत बसले होते. त्यांचे हात धुऊन झाले आणि मी पुढे गेले. पडवी एकदम मोठी वाटली.

मी म्हटलं, "तात्या, हे घ्या."

"काय हाय?"

"खणण्याचे."

तात्यांनी भाऊंकडे बघितलं. "दिनू, तुमच्या घरी परत तेच काय रे? एकदा सांगितलं ना?"

भाऊ म्हणाले, "सुलू, राहू दे. मी बघतो."

मी म्हटलं, "नाही राहू देणार."

त्या तिघांमधला एक हसला. "तात्या, सुलूला वाचा फुटली."

"हे भाऊंचे नाहीत," मी म्हटलं. "वहिनींचे नाहीत. आजीचे आहेत. तिने तुमच्यासाठी बाजूला काढले होते. ते मी उसने घेतले. माझं मशीन त्याचं आहे."

मीरा येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, पण या वेळी सांगायला तिची गरज नव्हती, मराठीतच सांगायचं होतं. मी सगळं सांगितलं. कपडे उन्हात घातले ते, तीन गाठी, माझे हात, तू माझ्या खळ्यात उतरलीस ते. एवढं मी जन्मात बोलले नव्हते. वहिनीलाही यातलं अर्धं माहीत नव्हतं, तू तिला ते गाठोडं कधी उघडूही दिलं नव्हतंस.

तात्या म्हणाले, "पोरी, तुझं खरं. पण आमची पण रीत हाय. मयताला गेलेला माणूस पैसे घेत नाय."

मी म्हटलं, "तात्या, तुमची रीत तुम्ही पाळली. त्या दिवशी नाही घेतलेत. आता तिची रीत राहिली. ती कधी कोणाचं फुकट जेवली का? बसमध्ये बोरं द्यायची ती. तुम्ही नाही घेतलेत तर तिला तिथे जड होईल, आणि मला इथे."

तात्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी पंच्याने स्वतःचे हात परत पुसले, ओले नव्हते तरी.

"दे," ते म्हणाले.

मी चौघांच्या हातात दिले. उंबरा मधे नव्हता, मी बघून घेतलं होतं. एकजण नोटा कपाळाला लावायला गेला तर तात्या त्याला ओरडले, "देवाचा प्रसाद हाय काय? मजुरी हाय. मोज." आणि त्यांनी स्वतः मोजले, खाणीवर शनिवारी मोजतात तसे, बोटाला थुंकी लावून, एकेक नोट. मग बागेकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "सातशे. बरोबर हाय, आजे. मजुरी पोचली."

बाकीच्या तिघांनीही मोजले आणि तसंच म्हणाले.

बारा हजार होते, आजी. काल दुपारी सगळे फिटले.